स्नायूंचे म्हणून विकलेले यंत्र दुखण्याचे निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : यंत्राची किंमत रु. ४,४९९ परत मिळणे व जाहिरातीतील दावा मागे घेणे याबाबत.

महोदय,

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे. या शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद पहिल्या महिन्यात जवळजवळ निम्म्यावर येते. सुजलेल्या सांध्यामुळे त्या स्नायूकडे जाणारा हुकूमच अडतो, माणसाने कितीही जोर लावला तरी. आईचेही तेच झाले. पाय सरळ उचल म्हटले की तिचा चेहरा लाल व्हायचा, पण टाच गादीवरून सुटायची नाही. अशा वेळी बाहेरून विजेचे हलके झटके देऊन स्नायू आकुंचित करतात, हे फिजिओथेरपिस्टने सांगितले होते. आपल्या विजेच्या यंत्राची 'व्यायामाची गरज नाही, घरबसल्या स्नायू बळकट' ही जाहिरात नेमकी त्याच दिवसांत समोर आली आणि मी ऑर्डर दिली.

आलेल्या यंत्राने आईच्या मांडीला फक्त मुंग्या येतात. पातळी वाढवली की चटका बसतो, स्नायू मात्र ढिम्म. यंत्र फिजिओथेरपिस्टकडे नेले. त्यांनी आपले माहितीपत्रक वाचले आणि त्यांच्याकडचे यंत्र आईच्या त्याच मांडीला लावले. दहा सेकंद मांडी दगडासारखी घट्ट झाली, गुडघ्याची वाटी वर सरकलेली आम्हाला डोळ्यांनी दिसली, मग विश्रांती, मग पुन्हा. आई म्हणाली, "अगं, हा माझाच पाय आहे का?"

फरक साधा आहे. आपण पाठवलेले यंत्र टेन्स प्रकारचे आहे. ते त्वचेलगतच्या संवेदना नेणाऱ्या नसांना गुदगुल्या करून दुखणे कमी जाणवू देते. स्नायू बळकट करायचा तर प्रवाह इतका लागतो की स्नायू खरोखर आवळला गेला पाहिजे, आणि दोन आकुंचनांमध्ये विश्रांती हवी. साधारणपणे दहा-पंधरा सेकंद चालू आणि त्याच्या तिप्पट किंवा अधिक वेळ बंद. नाहीतर स्नायू लगेच थकतो. आपल्या यंत्रात चालू-बंद वेळ ठरवण्याची सोयच नाही, प्रवाह सलग वाहत राहतो. दुखण्यावरचे यंत्र म्हणून विकले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती.

जाहिरातीत आपण 'अमेरिकेत सिद्ध' असेही छापले आहे. गुडघा सांधेरोपणाच्या रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांनी सुरुवात करून सहा आठवडे, दिवसातून दोनदा विद्युत उद्दीपन, म्हणजे स्नायू आवळणारे विजेचे झटके, दिले होते आणि त्याचा फायदाही दिसला. पण ते नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला होते, व्यायाम बंद करून नव्हे. आमच्याकडे उलटे झाले. "यंत्र लावलंय ना, मग टॉवेल कशाला दाबू?" म्हणत आईने गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून करायचा व्यायाम सोडून दिला. तिला दोष कसा देणार? जाहिरातीवरच तसे लिहिले आहे. गुडघा वाकवण्याची सुधारणाही त्यामुळे रखडली.

परत पाठवायला गेले तर 'पॅड वापरलेले आहेत, स्वच्छतेच्या कारणास्तव परतावा नाही' असे उत्तर आले. पॅड चिकटवल्याशिवाय यंत्राची परीक्षा कशी करायची, हे आपणच सांगावे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम सांगतात. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. (आम्ही मिरजेचे, इथे दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे यंत्र तपासून लेखी अभिप्राय मिळवायला अडचण आली नाही. तो सोबत जोडला आहे, बिल आणि माहितीपत्रकाची प्रतही.)

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढची. वडिलांना पेसमेकर आहे. त्यांचेही गुडघे दुखतात, म्हणून मी आपल्या ग्राहक सेवेला फोन करून विचारले की हे यंत्र त्यांना लावले तर चालेल का. "हो मॅडम, काहीच होत नाही, सगळ्यांना चालतं," असे उत्तर मिळाले. पेसमेकर असलेल्याने असे यंत्र स्वतःच्या मनाने लावू नये, ही या क्षेत्रातली अगदी पहिली सूचना आहे. पायात रक्ताची गुठळी असल्यास किंवा त्वचा बधिर असल्यासही धोका असतो. आपल्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात यातले एक अक्षर नाही. वडिलांना ते लावले नाही, ते फिजिओथेरपिस्टने वेळीच हटकले म्हणून.

तेव्हा पैसे परत करावेत, 'व्यायामाची गरज नाही' हा दावा काढावा, आणि पेसमेकरचा इशारा मराठी व हिंदीत खोक्याच्या दर्शनी बाजूला छापावा. फोनवर उत्तरे देणाऱ्यांना तो इशारा आजच्या आज कळवावा. त्याला महिनाभर थांबण्याचे कारण नाही.

कळावे,
आपली ग्राहक,
मिरज