ट्रेच्या वरची जागा राखायला शिकवणाऱ्या फोरमनकाकांना

आदरणीय फोरमनकाका,
सा. न. वि. वि.

नवी मुंबईतल्या महाप्याच्या डेटा सेंटरच्या कामात केबल ट्रेची (केबल वाहून नेणाऱ्या धातूच्या उघड्या पन्हळींची) आमची संगणकावरची मॉडेलं तुम्ही तुमचं साइटचं काम सांभाळून तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती उभ्या राहताहेत आणि रेव्हिट या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रे काढणाऱ्या बहुतेक मुलामुलींना तुमच्यासारखा माणूस शेजारी मिळत नाही. तुम्ही सांगितलेलं त्यांच्यापर्यंतही जावं.

तुमचा प्रत्येक शीटवरचा पहिला प्रश्न एकच असायचा: "यात केबल टाकणार कुठून?" या प्रश्नाचं उत्तर क्लॅश रिपोर्टमध्ये, म्हणजे मॉडेलमध्ये काय कशाला धडकतं त्या यादीत, नसतं. १०० मिमी उंचीच्या ट्रेवर ५० मिमी सोडून एसीच्या हवेचा डक्ट गेला, तर दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून क्लॅश शून्य येतो. पण साडेतीन कोर (तीन पूर्ण आणि एक निम्म्या आकाराची तार) ३०० स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली, केबल साधारण ६५ मिमी जाडीची आणि मीटरला सुमारे ६ किलो वजनाची. ती उचलून बाजूने आत घालावी लागते. त्यासाठी ट्रेच्या वर ३०० मिमी मोकळे हवेत आणि निदान एका बाजूने माणसाचा हात खांद्यापर्यंत शिरायला हवा.

रेव्हिटचा केबल ट्रे सिस्टिम फॅमिली, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच बांधलेला घटक, आहे, त्यात ही रिकामी जागा घालता येत नाही. क्लॅश तपासणाऱ्या नेव्हिसवर्क्समध्ये ३०० मिमीची क्लिअरन्स (मोकळ्या अंतराची) टेस्ट लावली, तर ती चारही बाजूंना मोजते आणि शेजारच्या भिंतीसकट सगळंच लाल दाखवते. म्हणून जेनेरिक मॉडेलची लाइन-बेस्ड फॅमिली, म्हणजे रेघेसारखा ओढता येणारा आपला घटक, करायची, रुंदी आणि उंची पॅरामीटरने बदलणारी, आणि तो पारदर्शक ठोकळा ट्रेच्या वरून स्वतंत्र वर्कसेटमध्ये (मॉडेलच्या वेगळ्या गटात) चालवायचा. शीटवर तो बंद ठेवता येतो आणि ट्रेच्या शेड्यूलमध्येही (मोजमापाच्या तक्त्यातही) येत नाही. खालची जागाही तुम्हीच मोजायला लावलीत: ट्रेला खालून आधार देणारं ४१ मिमीचं चॅनल, त्याखाली नट आणि रॉडचं टोक, मिळून ७० ते ७५ मिमी. म्हणजे १०० मिमीचा ट्रे प्रत्यक्षात पावणेपाचशे मिमी उंची खातो. आर्किटेक्टबरोबर फॉल्स सीलिंगची उंची ठरवताना हाच आकडा सांगायला हवा.

बेंडबद्दल, म्हणजे ट्रेच्या वळणाच्या तुकड्याबद्दल, तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रेव्हिट आडव्या बेंडचा रेडियस ट्रेच्या रुंदीवरून काढतं. बेंड रेडियस मल्टिप्लायर १ असेल, तर ३०० रुंदीच्या ट्रेला ३०० मिमीचा रेडियस येतो. केबलला मात्र ट्रेच्या रुंदीशी काही देणंघेणं नाही. १.१ केव्हीच्या मल्टिकोर आर्मर्ड केबलला तिच्या जाडीच्या १२ पट रेडियस लागतो, म्हणजे ६५ मिमीला ७८० मिमी. बाजारात तयार बेंड ३००, ६०० आणि ९०० रेडियसचे मिळतात, म्हणून इथे ९०० च घ्यावा लागतो. ट्रेमधली सगळ्यात जाड केबल बघायची, तिच्यावरून रेडियस ठरवायचा आणि ट्रे ओढण्याआधी ऑप्शन्स बारमध्ये भरायचा. टीमध्येही, म्हणजे ट्रेला फाटा फुटतो त्या तुकड्यातही, केबल वळतेच, तेव्हा तिथेही तोच नियम. जागा अपुरी पडली किंवा टाइपमध्ये फिटिंग नेमलेलंच नसलं, की 'नो ऑटो-राउट सोल्यूशन वॉज फाउंड' असा संदेश येतो. तो घालवायला रेडियस कमी करायचा नाही, ट्रेचा रस्ता बदलायचा. नाहीतर केबल वळवताना आर्मर उघडतं आणि इन्सुलेशनवर ताण येतो, आणि तो दोष चार्जिंगच्या वेळी (पहिल्यांदा वीज सोडताना) किंवा त्यानंतर कधीतरी बाहेर पडतो.

जस्टिफिकेशनचंही, म्हणजे आकार बदलताना ट्रेची कुठली कड स्थिर धरायची त्याचंही, तसंच. उभं जस्टिफिकेशन 'मिडल' ठेवलं, तर ट्रेची उंची १०० वरून ७५ होते तिथे तळ साडेबारा मिमी वर सरकतो आणि हँगरची लेव्हल बिघडते. 'बॉटम' ठेवलं की तळ सरळ राहतो. रुंदी कमी होते तिथे भिंतीकडची बाजू धरून 'लेफ्ट' किंवा 'राइट' घ्यायचं, म्हणजे रिड्युसरनंतरही (रुंदी कमी करणाऱ्या तुकड्यानंतरही) ती कड एका रेषेत जाते.

रायझरमध्ये, म्हणजे मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या ट्रेमध्ये, आणखी एक गोष्ट. भिंतीला काटकोनात येऊन वर चढणाऱ्या ट्रेची पाठ आपोआप भिंतीला लागते आणि उघडी बाजू आपल्याकडे येते. भिंतीला समांतर येणारा ट्रे तसाच वर नेला, तर त्याची पाठ भिंतीकडे न येता शाफ्टच्या आडव्या दिशेला येते, आणि क्लीट (केबल धरून ठेवणारे पट्टे) बसवायला जागाच उरत नाही. आधी आडवा बेंड देऊन ट्रे भिंतीकडे वळवायचा, मग चढवायचा. प्लॅनमध्ये हे कळत नाही, सेक्शन काढूनच बघावं लागतं.

ट्रेला डक्टसारखी सिस्टिम नसते, म्हणून पॉवर, कंट्रोल, डेटा हे 'सर्व्हिस टाइप'मध्ये भरून त्यावर फिल्टर लावायचे. भरताना टॅब दाबून पूर्ण रन फिटिंगसकट निवडायचा, नाहीतर सरळ तुकडे रंगतात आणि बेंड कोरे राहतात.

सपोर्टचा तुमचा हिशेब आम्ही आता सगळ्यांना दाखवतो. रेव्हिट ४० मीटरचा ट्रे एकसंध काढतं. साइटवर तो अडीच मीटरच्या १६ लेंग्थ, १५ जोड आणि ३० कपलर प्लेट (जोडपट्ट्या) असा येतो. जोड सपोर्टच्या डोक्यावर नको आणि दोन सपोर्टच्या मधोमधही नको, कारण मध्ये वाक सगळ्यात जास्त असतो. सपोर्टपासून स्पॅनच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास तो बसवायचा. दीड मीटरवर सपोर्ट ठेवले, तर अडीच मीटरचे जोड दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतात. कसंही सरकवलं तरी एखादा जोड सपोर्टवर नाहीतर मध्याजवळ जातोच. सव्वा मीटरवर ठेवले की प्रत्येक जोड सपोर्टपासून ठरावीक ३०० मिमीवर येतो. एका लेंग्थला दोन सपोर्ट, म्हणजे ४० मीटरला ३२ चॅनल, ६४ रॉड, ६४ अँकर फास्टनर. दीड मीटरच्या मानाने चार-पाच चॅनल जास्त लागतात, पण ट्रे झोळ धरत नाही. बेंडच्या दोन्ही बाजूंना ६०० मिमीच्या आत एकेक सपोर्ट वेगळा. बेंड, टी, रिड्युसर नगावर मोजायचे, कारण सरळ लांबीच्या शेड्यूलमध्ये ते येत नाहीत.

इमारतीच्या एक्स्पान्शन जॉइंटवरून ट्रे सलग नेऊ नका, हेही तुम्हीच ठणकावलंत. तिथे ट्रे तोडायचा, सरकणारी जोडपट्टी लावायची, केबलला थोडी ढील द्यायची आणि अर्थिंगसाठी लवचिक तांब्याचा जंपर घालायचा. मॉडेलमध्ये स्ट्रक्चरची ती रेघ लिंकमधून दिसत असते. तिच्यावरचा प्रत्येक ट्रे तपासायला अर्धा तासही लागत नाही.

खाडीची दमट हवा आणि टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातले रासायनिक कारखाने लक्षात घेऊन हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) ट्रेचा आग्रह तुम्ही धरलात. त्यामुळे टाइपच्या नावातच आता फिनिश लिहिलेलं असतं, आणि कापलेल्या कडांना झिंकयुक्त रंग लावण्याची सूचना प्रत्येक शॉप ड्रॉइंगवर जाते.

तुम्ही हे सगळं मॉडेल बनतानाच सांगितलंत, म्हणून डक्ट आणि स्प्रिंकलरचे पाइप कागदावर असतानाच हलले. ते एकदा टांगले गेले असते, तर कोणीच हलवले नसते आणि अडचण तुमच्या माणसांना सोसावी लागली असती.

दुसऱ्या मजल्याच्या रायझरची सेक्शन शीट ए-वन आकारात छापून साइट ऑफिसात ठेवली आहेत. क्लीटमधलं अंतर तेवढं सवडीने बघावं, ही विनंती.

आपली,
इलेक्ट्रिकल मॉडेलिंगची मंडळी
वागळे इस्टेट, ठाणे