फ्लॅट घेतला त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर फ्लॅटचं सांगितलं तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे गेला. ते "बरं" अजून कानातून जात नाही. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तुम्ही एफडी मोडायला निघाला असतात. म्हणून दस्त झाल्यावरच सांगितलं.

बाबा, हिशेब तुमच्याच पद्धतीनं मांडते. बडोद्यातल्या मांजलपूरचा फ्लॅट 40 लाखांचा. 10 लाख साठवणीतले, 30 लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी. हप्ता 26,035, भाडं येईल 12,000. म्हणजे महिन्याला 14,000 पदरचे, वर सोसायटीचा मेंटेनन्स. आज तोटाच आहे, नाही म्हणत नाही. पण भाडं हळूहळू चढेल, हप्ता त्या वेगानं चढणार नाही. घर रिकामं पडलं तर म्हणून सहा हप्ते वेगळे ठेवलेत. दस्त एकटीच्या नावावर का? गुजरातेत बाईच्या नावावर घेतलं की नोंदणी फी माफ, 40,000 वाचले. स्टॅम्प ड्युटी मात्र 4.9 टक्के भरावीच लागली. जावई रुसलेले नाहीत. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्टही आहे. 2024 च्या ऑगस्टातल्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते वॉचमननं पार्किंगच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, मगच टोकन दिलं.

आपल्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं प्रकरण मी विसरलेले नाही. तारखेला मला न्यायमंदिरात न्यायचात, परतताना सुरसागर तलावाच्या कठड्याशी दाण्यांची पुडी. कोर्ट म्हणजे दाणे, असंच मला कितीतरी दिवस वाटायचं. तुमच्या चेहऱ्याकडे बघायचं ते वय नव्हतं. तुमचं चुकलं असं नाही हो, तेव्हा सगळं शब्दावरच चालायचं. मी मात्र अकरा महिन्यांचा लेखी करार करणार, पोलिसांत भाडेकरूची नोंद करणार, भाडं थेट खात्यात घेणार.

आता ऐका. भाडं मागायला जायचं नाही. नळ गळला तर प्लंबर मी इथून पाठवीन, तुम्ही पाना घेऊन निघायचं नाही. आई, भाडेकरणीला लोणचं खुशाल दे, पण भाड्यात सूट कबूल करू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे मला. तुमचे महिन्याचे पैसे पहिल्यासारखेच येतील, नवा गीझरही ठरल्याप्रमाणे याच महिन्यात बसेल. गुडघ्याची तपासणी आणखी पुढे ढकललीत तर मी भांडेन.

बाबा, एक काम मात्र तुमचंच. माळ्यावरच्या ट्रंकेत ते भाड्याचं पावतीपुस्तक असेल. पहिली पावती तुमच्या अक्षरात हवी. कार्बन वाळला असेल, नवा आणते. शनिवारी पोचतेय, तोवर स्टुलावर चढू नका.

तुमची,
चिमी