नाकाच्या ऑपरेशनचा मधला फोटोही छापा

मा. संपादक,

नाकाच्या प्लास्टिक सर्जरीवर लेख आला की त्यात सुश्रुत येतोच, मग १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलेला कावसजी येतो, कपाळाच्या कातडीने ज्याला पुण्याकडे नवीन नाक करून दिलं तो. अभिमान आहेच हो, पण ज्याला स्किन कॅन्सरमुळे आज नाकाचा तुकडा काढायचाय त्याने यातून काय घ्यायचं? शेवटी दोन फोटो, आधीचा नि नंतरचा, की झाला लेख.

मधले आठवडे कुणी दाखवतच नाही. जखम छोटी असली, शेंड्याजवळ साधारण दीड सेंटीमीटरपर्यंत, तर नाकावरचीच शेजारची कातडी फिरवून भागतं, नाकपुडीच्या कडेला गालाची घेतात. मोठी असली की कपाळाची, आणि ती तोडून चिकटवत नाहीत, भुवईच्या आतल्या टोकाशी असलेली रक्तवाहिनी चालू ठेवून कातडीचा पट्टा खाली वळवून शिवतात, त्यामुळे भुवईपासून नाकापर्यंत एक जाड देठ तोंडावर तसाच राहतो, चष्मा बसत नाही, सुरुवातीला रक्त झिरपून ड्रेसिंग भिजतं, आणि गंमत म्हणजे नाकाला हात लावला तर कपाळाला लावल्यासारखं वाटतं! साधारण तीन आठवड्यांनी, नाकाकडून रक्त मिळायला लागलं की देठ कापतात. कूर्चाही गेली असेल तर कानाची नाहीतर बरगडीची घालतात, मग टप्पे वाढू शकतात.

आमच्या काकांना हे सगळं आधी सांगितलं होतं, तरी ड्रेसिंग सुटल्यावर काकूने ऑपरेशन फसलं म्हणून अख्ख्या खानदानाला फोन लावले. ऐकलेलं वेगळं नि समोर दिसलेलं वेगळं.

फोटो बघून लोक घाबरतील म्हणाल तर घाबरू देत, प्रश्न तरी विचारतील. मांडीची कातडी का नाही लावत हे तर सगळेच विचारतात, तिचा रंग नाकाशी जुळत नाही आणि ग्राफ्ट, म्हणजे तोडून चिकटवलेली कातडी, आक्रसला की नाकपुडी वर ओढली जाते, हे दोन ओळीत सांगता येतं. सिगारेटने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचं, म्हणजे त्या वळवलेल्या कातडीचं, टोक काळं पडू शकतं, हेही ठळक छापा, कारण ते पेशंटच्याच हातात असतं.

तर पुढच्या वेळी तीन फोटो द्या, पेशंटला विचारूनच अर्थात, आणि मधल्या फोटोखाली ऑपरेशननंतरचा कितवा दिवस तेही लिहा.

आपला,
एक नियमित वाचक