मी तुझा स्पॉन्सर होणार नाही

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझं मला पिणं बंद करता येत नाहीये." मग आपण दोघंही गप्प बसलो. तेवढंच वाक्य तोंडातून काढायला मला तुझ्या वयानंतर आणखी अकरा वर्षं लागली होती. तू आत्ताच बोललीस. मला रात्रभर झोप नव्हती, पण बरंही खूप वाटत होतं.

आधी डॉक्टर. रोज दारू पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन-चार दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून हे एकटीने घरी करू नकोस. किती घेतेस आणि कधीपासून, ते खरं सांग. मी निम्मंच सांगितलं होतं आणि तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्या चालताना दिसल्या. दारूपासून दूर राहायला मदत करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत, डॉक्टरांना विचार. मीटिंगमध्ये कुणी गोळ्या बंद कर म्हणालं तर ऐकायचं नाही. तो अधिकार फक्त डॉक्टरांचा.

मग मीटिंग. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए.ए.) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारे ग्रुप. त्यांच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर ग्रुपच्या वेळा मिळतात. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं, बंद मीटिंग फक्त ज्यांना पिण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी. फी नाही. आडनाव, नोकरी, पत्ता कुणी विचारत नाही. शेवटी वर्गणीची पेटी फिरते, ती खुशाल पुढे सरकव. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा लागते, बाकी काही नाही. बायकांचे वेगळे ग्रुपही असतात, ऑनलाइन मीटिंगाही. तुला पुरुषांसमोर बोलणं अवघड वाटत असेल तर तिथूनच सुरुवात कर.

मी दोन आठवडे जिन्याखाली उभा राहून परत आलो होतो. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात घडीची खुर्ची दिली आणि म्हणाले, "जरा वर घेऊन चला." वर नेली, उघडली आणि तिच्यावरच बसलो. थोड्या वेळाने त्यांनी चहा आणून दिला. कप जेमतेम अर्धा भरलेला. मला वाटलं, चहा कमी पडला असेल. मग शेजाऱ्याकडे बघितलं, त्याचा कप काठोकाठ होता. माझे हात त्यांनी पाहिले होते. त्या दिवशी मी एक अक्षर बोललो नाही, पण पुढच्या आठवड्यात परत गेलो, तो त्या अर्ध्या कपामुळे.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "तुम्हीच मदत करा ना, तुम्हाला सगळं माहीत आहे." बाळा, मी तुला डॉक्टरांकडे नेईन, ग्रुपच्या दारापर्यंत सोडीन. पण तुझा स्पॉन्सर, म्हणजे ए.ए.मध्ये नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, होणार नाही. का, ते ऐक.

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, सौदा फिसकटलेला, समोर बार. त्याने बायकोला फोन केला नाही. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला, कारण त्याला बोलायला दुसरा दारुडाच हवा होता. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. ते पंधरा मिनिटांपुरतेच आले होते, बसले काही तास. त्यांनी शेवटचा घोट घेतला ती तारीख, १० जून १९३५, ए.ए.चा जन्मदिवस मानतात.

दुसरा दारुडा मीही आहेच. पण तुझ्या बाबतीत मी आधी बाप आहे, आणि मीटिंगमध्ये तू आपली गोष्ट सांगशील (त्याला शेअरिंग म्हणतात), त्यात मी येणार. तुझ्या वाढदिवसाला मी कुठे पडलो होतो, आई दार लावून का रडायची, हे सगळं तुला एक दिवस मोठ्याने बोलावं लागेल. दारूच्या व्यसनाचा धोका अर्ध्याच्या आसपास रक्तातून येतो असं संशोधन सांगतं. त्यावर मी रोज विचार करतो. मी समोर असलो की तू वाक्यं अर्धवट सोडशील, माझा चेहरा बघून शब्द बदलशील. त्यापेक्षा सहा-आठ मीटिंगा ऐक, जिचं बोलणं आपलंसं वाटेल अशी बरीच वर्षं न पिणारी जुनी बाई शोध आणि तिला विचार.

पहिला ग्रुप नाही आवडला तर दुसरा बघ. माझ्या मनातही पहिल्या ग्रुपची अढी होती. ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचं नाव येतं, ते "आपल्याला समजेल तसा" म्हणून येतं. तरी खटकलंच तर स्मार्ट रिकव्हरीसारखे वेगळ्या पद्धतीचे गटही आहेत. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलीस, तर दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जाऊन बस. शरमेने पंधरा दिवस घरी बसणं स्लिपपेक्षा महागात पडतं, हे मी दोनदा भोगलं आहे.

आई अजून अल-अनॉनला, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या ग्रुपला, जाते. तिथे घरच्यांनी स्वतःसाठी जायचं असतं, तुझ्यावर लक्ष ठेवायला नव्हे. ती तुला प्रश्न विचारणार नाही, तिने तसा शब्द दिला आहे.

आत काय बोललीस ते मलाही सांगू नकोस. बाहेर आलीस की फक्त एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही.

तुझा,
बाबा