रेशनवर आपल्याच शिवारातली ज्वारी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खाली गेलं की आमच्या सोलापूर जिल्ह्यात ऊस की ज्वारी हा वाद हमखास पेटतो. पर्यावरणवाले उसाला पाणीचोर ठरवतात, शेतकरी त्यांना ‘एकदा ज्वारी काढून दाखवा’ म्हणतो. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, तोडायला टोळी येते. ज्वारीची पाखरं राखायची, ती वाकून हातानं उपटायची, कणसं खुडायची आणि एवढ्या कामाला मजूर शोधत फिरायचं. मग हक्काचं पाणी मिळालं की कुणीही ऊसच लावणार. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण ही मंडळी एका ठिकाणी एकत्र येऊ शकतात, ते म्हणजे रेशन दुकान. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३पासून धान्य मोफतच आहे. म्हणजे ज्वारी कायद्यात आहेच, पिशवीत मात्र बहुतेकदा गहू-तांदूळच पडतो. तोही मंगळवेढ्यात, जिथल्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं!

रब्बीची मालदांडी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते, म्हणजे पाणीवाल्यांची तक्रार संपली. खात्रीची खरेदी झाली तर शेतकरी पेरेल. कडबा तालुक्यातच राहिला तर वैरणीसाठी वणवण करणाऱ्या दूधवाल्याचंही भागेल.

मात्र पीठ दळून पाकिटं वाटायची टूम कुणी काढू नये. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा लवकर जातो, मग भाकरी थापताना कडेनं चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. दाणेच द्यावेत, गिरणी गल्लीत आहेच. शहरातल्या मॉलमध्ये ‘मिलेट’ म्हणून चौपट दरानं ज्वारी विकायला माझी हरकत नाही, पण त्यानं इथलं रान पेरलं जाणार नाही.

खरेदी केंद्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये, खळी चालू असतानाच उघडावीत. मे महिन्यात उघडून उपयोग नाही. तोवर गरजवंतानं मिळेल त्या भावानं ज्वारी व्यापाऱ्याला घातलेली असते.

– एक वाचक, मंगळवेढा