गाडी ढकलू नका, आधी मला तिचा आवाज ऐकवा

रविवार, 10 ऑगस्ट 2025
पुणे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर बोलायला गेलं की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात, आई मागून जेवलीस का विचारते आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतेय. चिंचनाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या आणि एक प्रत गाडीच्या खणात ठेवा, आरसीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा म्हणजे दमट होणार नाही.

आधी मनात सलतंय ते बोलते. त्या गुरुवारी डेरवणला डोळे तपासायला निघालात, गाडी चालू होईना, आणि तुम्ही दोघांनी मिळून ती गेटपासून उतारापर्यंत ढकलली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झाली आहे हो. आणि आई, तुझा गुडघा जिना चढताना दुखतो आणि तू पावसात चिखलात पाय रोवून आठशे-नऊशे किलोची गाडी ढकलत होतीस. काकू सांगत होत्या की बाबा नंतर पायरीवर बराच वेळ छातीवर हात ठेवून बसले होते. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागेना, शनिवारी पहाटे निघाले ते त्यामुळेच, गाडीसाठी नाही.

आणि ती ढकलून चालू होणारच नव्हती. बाबा, तुमच्या डोक्यात अजून चेतक आहे, ती धक्क्यावर चालू व्हायची हे खरं. पण ह्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप विजेवर चालतो, ठिणगी कधी पाडायची ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि दोघांनाही बॅटरी लागते. बॅटरी थोडी कमी असेल तर धक्क्याने इंजिन पकडेलही, पण पार उतरली असेल तर कितीही ढकला, पंपच फिरणार नाही. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं, म्हणजे त्या उतारावर गाडी सुटली असती तर काय केलं असतंत.

तर इथून पुढे कधीही गाडी चालू झाली नाही तर ढकलायची नाही. ऐकायचं.

आई, हे जास्त तुझ्यासाठी आहे. बाबा किल्ली फिरवत असतात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष हातात असतं, पण तू बाहेर उभी असतेस आणि तुझे कान किती तयार आहेत ते मला माहितीये. विहिरीच्या पंपाने हवा धरली की तू स्वयंपाकघरातून ओरडून सांगतेस. त्या गुरुवारी संध्याकाळी मी फोनवर विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "सेल्फ लागत नाहीये, गॅरेजवाला म्हणतोय स्टार्टर गेला, साडेसहा हजार." आणि तू मागून म्हणालीस, "आधी कट-कट-कट-कट असं भराभरा वाजलं, मग नुसतं एकदा कट्ट, मग काहीच नाही, आणि काट्यांच्या मागचे दिवे मालवत गेले." आई, गाडी न बघता मला तिथेच नव्वद टक्के कळलं, स्टार्टर नसून बॅटरी उतरली असणार. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरलाच, फिरायला शंभर-दीडशे अँपिअर करंट एका दमात लागतो, उतरलेली बॅटरी तेवढा देऊ शकत नाही, म्हणून आतला स्विच लागतो-सुटतो, लागतो-सुटतो, तोच तो कट-कट आवाज. ज्या माणसाने गाडी पाहिली नाही, आवाज ऐकला नाही, त्याने फोनवर साडेसहा हजार सांगावेत आणि आपण तयार व्हावं, ह्याचं मला वाईट वाटलं. त्याचं नाव घेत नाही, पण परत त्याच्याकडे जाऊ नका.

शनिवारी मी आल्यावर काय केलं ते बाबांना माहितीये पण आईला नीट कळावं म्हणून सांगते, कारण मीटरवरचे आकडे तीच वाचत होती. आधी मीटर बॅटरीला लावला तर 11.6 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी रात्रभर उभी राहून सकाळी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उरली, 12 च्या खाली म्हणजे उतरलीच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर होती, ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासली, पुसून कोरडं केलं आणि वरून व्हॅसलीन लावलं. मग पुण्याहून आणलेला चार्जर दिवसभर लावून ठेवला. संध्याकाळी किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात चालू. सेल्फ फिरताना आकडा 10.1 पर्यंतच खाली गेला (9.6 च्या खाली गेला असता तर बॅटरी बदलावी लागली असती) आणि इंजिन चालू असताना 14.2, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतोय. स्टार्टर ठणठणीत.

पण मग ती उतरली का, हे मला सोडवत नव्हतं. 27 जुलैच्या रविवारी तुम्ही मार्कंडीला जाऊन आलात तेव्हा एका झटक्यात चालू झाली होती आणि 31 ला मेली, चार दिवसांत चांगली बॅटरी आपोआप उतरत नाही. म्हणून रविवारी सकाळी बॅटरीची काळी वायर काढून मधे मीटर लावला, गाडी बंद असताना करंट कुठे जातोय ते बघायला. वरचा दिवा आधी बंद केला. अशा वेळी आकडा 0.05 च्या आत हवा, घड्याळ आणि लॉकपुरता. आई, तू चष्मा वर करून वाचलंस, "शून्य पूर्णांक पंचेचाळीस." काहीतरी चालू होतं. मग बाबांनी टॉर्च धरला आणि मी डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक काढत गेले, काढायचा, तुला विचारायचं, परत बसवायचा. तू दर वेळी पंचेचाळीसच म्हणत होतीस आणि एकदम म्हणालीस "तीन! शून्य शून्य तीन झालं!" तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतोय. तो आतल्या दिव्यांचा फ्यूज होता. वरचा दिवा बंद, दारांजवळ काही नाही, मग उरली डिक्की. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो नारळाच्या पोत्यावर ठेवला, डिक्की लावली, वीस आकडे मोजले आणि उघडून बघितलं. बंद डिक्कीत दिवा लख्ख जळत होता, पोत्याची शिवण न् शिवण दिसत होती.

5 वॅटचा एवढासा दिवा, 0.4 अँपिअर, दिवसाला 10 अँपिअर-तास. आपली बॅटरी 35 ची. बाबा, तुम्ही लगेच हिशोब करून म्हणालात, "साडेतीन दिवस." बरोबर तेवढेच लागले. पाऊस धो धो असल्याने गाडी हलली नाही, रोज फिरत असती तर हे कळलंही नसतं.

दिवा बंद करणारं ते डिक्कीचं बटण गंजून आत अडकलं होतं आणि त्याच्या खाचेतून अजून वाळलेला राखाडी गाळ निघाला. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुराचा. चार वर्षांनी. मी तो स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर घेऊन तुम्हाला दाखवला तेव्हा आपण तिघंही काही बोललो नाही. त्या वेळी पाणी सीटला टेकलं होतं, आणि ओसरल्यावर आळीतले बरेच जण गाडी चालू होतेय का ते बघायला किल्ली फिरवत होते, पण बाबा तुम्ही किल्ली खिशातून काढलीच नाहीत, बॅटरीची वायर सोडवून ठेवलीत आणि गाडी ओढून न्यायला लावलीत. म्हणून इंजिन वाचलं. सिलिंडरमधे पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, मग सगळंच गेलं. एवढा धीर तेव्हा घर चिखलाने भरलेलं असताना तुम्ही धरलात, तोच धीर मला त्या गुरुवारी हवा होता.

आता ते बटण साफ करून मी दिव्याचा बल्बच काढून ठेवलाय, टॉर्च घेऊन डिक्की उघडत जा, नवीन बटण गणपतीला येताना आणते.

बॅटरीचं हे एक झालं, पण दर वेळी तेच असेल असं नाही. एकदाच "टक्" असा मोठा आवाज आला, दिवे मंद झाले नाहीत आणि सेल्फ फिरलाच नाही, तर मग मात्र स्टार्टर किंवा त्याच्या वायरीकडे बघायला हवं. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर टर्मिनल सैल आहे का ते बघा, हाताने हलायला नको. दिवे छान पण आवाज नाही, तर बाबा, क्लच पूर्ण दाबलाय ना ते बघा, तुम्ही हल्ली अर्धाच दाबता.

आणि सेल्फ घरघर करून छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरीचा दोष नाही, उगाच सेल्फ मारत बसून ती उतरवू नका. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मधे मिनिटभर थांबा. अशा वेळी आईने मागचं दार उघडून कान द्यायचा आणि बाबांनी किल्ली फक्त ऑनपर्यंत न्यायची, मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक "घूं" आलं पाहिजे, तो पेट्रोलचा पंप. नाही आलं तर फ्यूज, पंप नाहीतर उंदीर. पावसाळ्यात उंदीर कोरडी ऊबदार जागा शोधत बोनेटखाली येतातच, तेव्हा कुरतडलेली वायर, लेंड्या, गवत असं काही दिसतंय का बघा. आणि डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहिलं तर गाडी ती किल्ली ओळखत नाहीये, कपाटातली दुसरी लावून बघा.

जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी चालू करायची चिमट्यांची वायर, मी डिक्कीत उजवीकडे ठेवलीये. तुम्ही दोघांनीच करू नका, काकूंच्या मुलाला बोलवा, त्याची गाडीही 12 व्होल्टचीच आहे. लाल चिमटा आधी आपल्या अधिकला, दुसरा लाल त्याच्या अधिकला, मग काळा त्याच्या उण्याला, आणि शेवटचा काळा आपल्या बॅटरीला लावायचा नाही, तो इंजिनच्या कुठल्यातरी उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना बरोबर उलट क्रमाने. बाबा, हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढून आईकडे द्या, लोखंडी पट्ट्याने शॉर्ट झालं तर हात भाजतो. चालू झाली की लगेच बंद करू नका, अर्धा-पाऊण तास गुहागर रस्त्याला फिरवून आणा.

रोज पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची तुमची सवय आहे ना, त्याने उतरलेली बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमधे पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बहादूरशेख नाक्याच्या पुढे पंधरा-वीस किलोमीटर जाऊन या, आईलाही बाहेर पडायला मिळेल. बॅटरी पुराच्या नंतर ऑगस्ट 2021 ला घेतलेली, म्हणजे चार वर्षं झाली, तिचं वय झालंय. ही दिवाळी काढेल असं वाटतंय, नंतर बदलूया.

मीटर दिवाणखान्यातल्या ड्रॉवरमधे आहे, बटण डीसी 20 वर फिरवून मी तिथे लाल टेप लावलीये, ते हलवू नका. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, लाल टोक अधिकला आणि काळं उण्याला. आकडा आईने वाचायचा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, गॅस सिलिंडरची तारीख लिहितेस ना तिथेच, लिहून ठेवायचा आणि मला मेसेज करायचा. 12.4 च्या खाली गेला तर फोन.

आणखी एक, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. दवाखान्यात जायची घाई असेल आणि गाडी चालू झाली नाही, तर बोनेट उघडूसुद्धा नका. सरळ 108 ला फोन करा, मग काकूंना हाक मारा, मग मला. रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुम्ही मला झोपमोड नको म्हणून कळवत नाही आणि मग मला दुसऱ्याकडून कळतं, त्याचा फार त्रास होतो हो.

गणपती 27 ला आहेत. मी 25 च्या संध्याकाळी निघून कुंभार्लीमार्गे येते, घाटात धुकं असेल तर कराडला मावशीकडे थांबेन. मूर्तिकाराच्या शाळेतून मूर्ती आपल्याच गाडीतून आणायची, मी चालवीन, बाबा मागे मूर्ती धरून बसतील. आई, पोतं डिक्कीतून काढून ठेवलंस का? आणि आज रविवार आहे, आकडा अजून आला नाहीये.

तुमची,
मनू