सारंगीच्या तरफा आणि संगणकाचे कोअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समांतर प्रोग्रॅमिंग, म्हणजे एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणाऱ्या भागांवर) वाटून चालवणे, शिकवताना बहुतेक ठिकाणी मॅट्रिक्सच्या गुणाकारावरच भागवले जाते. वडोदऱ्यात तरी तसे होऊ नये. सयाजीरावांच्या काळात इथे १८८६ मध्ये संगीतशाळा निघाली, १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था. आज दोन्ही परंपरा एकाच विद्यापीठात नांदतात. ध्वनिनिर्मितीचे सॉफ्टवेअर अनेक कोअरवर चालवणे हे या दोघांनी मिळून करण्याजोगे काम आहे, कारण इथली चूक कानाला लगेच कळते.

सारंगी घ्या. तीसहून अधिक तरफा, म्हणजे मुख्य तारेबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा. साध्या मॉडेलमध्ये मुख्य तारेचा आवाज आधी काढावा लागतो, मग त्यावर झंकारणाऱ्या तरफा एकमेकींपासून स्वतंत्र असतात. वाटणी तिथेच करावी. एकाच तरफेतले सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणीची मापे, वेगवेगळ्या कोअरवर टाकू नयेत. तिथे प्रत्येक सॅम्पल आधीच्या सॅम्पलवर उभे असते. सगळ्या तरफांची बेरीज झाली की रिव्हर्ब, म्हणजे खोलीत आवाज घुमल्याचा परिणाम.

सेकंदाला ४८,००० सॅम्पल आणि ६४ सॅम्पलचा ब्लॉक (एका वेळी काढायचा तुकडा) धरला तर एका ब्लॉकला १.३३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाला ७५० वेळा सर्व थ्रेडनी (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांनी) एकमेकांसाठी थांबायचे. ब्लॉक ८ सॅम्पलचा केलात तर हेच ६,००० वेळा, आणि मिळवलेला वेग थांबण्यातच जातो. म्हणून थ्रेड सुरुवातीलाच तयार करून ठेवावेत, दर ब्लॉकला नवे काढू नयेत. त्यांच्या आत मेमरी मागणे, फाइल उघडणे, स्क्रीनवर छापणे वर्ज्य. एकदा उशीर झाला की 'टक्' असा आवाज येतोच.

सर्वात जास्त घोळ बेरजेत होतो. सगळे थ्रेड एकाच बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) लिहू लागले तर कुणाचे तरी लिहिलेले पुसले जाते. प्रत्येक थ्रेडला वेगळा बफर द्यावा आणि शेवटी ठरलेल्या क्रमाने मिळवावा. क्रम बदलला तर दशांश बेरजेचे शेवटचे अंक बदलतात, मग तपासणी अवघड होते. तपासणी सोपी आहे: एका थ्रेडवर आणि चार थ्रेडवर काढलेल्या दोन फाइली घ्या, एकीची फेज उलटवून (प्रत्येक सॅम्पलचे अधिक-उणे चिन्ह बदलून) दुसरीत मिसळा. शांतता हवी. खरखर आली तर वाटणीत चूक आहे.

तरफ विझत जाते तशा संख्या अतिसूक्ष्म होतात आणि काही प्रोसेसर त्यांवर अडखळतात. त्या शून्य धरण्याची सेटिंग प्रत्येक थ्रेडमध्ये स्वतंत्र लावावी. मुख्य थ्रेडमध्येच लावून सोडणे ही नेहमीची चूक.

अपेक्षाही बेताची ठेवावी. वाटता न येणारा रिव्हर्ब एकट्याने २० टक्के वेळ खात असेल तर चार कोअरवर वेग अडीचपटच होतो, कितीही कोअर जोडले तरी पाचपटीपुढे जात नाही. त्यावर एक चांगली युक्ती आहे: या ब्लॉकच्या तरफा चालू असताना आधीच्या ब्लॉकचा रिव्हर्ब दुसऱ्या कोअरवर चालवावा. १.३३ मिलिसेकंदांचा उशीर कुणाच्याही कानाला जाणवत नाही.

सीसाउंड या ध्वनिनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेडची संख्या सांगितली की कोणती वाद्ये एकत्र चालतील हे तो स्वतः तपासतो. सुपरकोलायडर या तशाच सॉफ्टवेअरच्या सुपरनोव्हा या अनेक कोअर वापरणाऱ्या भागामध्ये ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. दोन्ही मोफत आहेत. वडोदऱ्याच्या संगीत आणि अभियांत्रिकी शाखांनी येत्या सत्रात हा एक संयुक्त प्रकल्प घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपले,
ध्वनी-प्रोग्रॅमिंगचे दोन शिक्षक, वडोदरा